विश्लेषण : स्पीडोमीटर शून्यावर, गाडी एकाच गिअरमध्ये अडकलेली... दोष गिअरबॉक्सचा की सेन्सरचा?

ऑटोमॅटिक गाडी घाट चढताना अचानक झटका देते. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर येतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि त्यानंतर गाडी एकाच गिअरमध्ये घोंघावत राहते. घाटमाथ्यावरच्या पहिल्याच गॅरेजमध्ये ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ हे वाक्य ऐकू येते आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. प्रत्यक्षात अशा कित्येक गाड्यांचा गिअरबॉक्स धडधाकट असतो. बिघडलेला असतो तो अंगठ्याएवढा ‘व्हेइकल स्पीड सेन्सर’ किंवा त्याच्याकडे जाणारी एखादी तार. गिअरबॉक्सला पाना लावण्याआधीच हे बहुतेक वेळा तपासता येते.

हा सेन्सर करतो काय?

मॅन्युअल गाडी चालवणाऱ्याला गिअर कधी बदलायचा हे इंजिनच्या आवाजावरून आणि सवयीने कळते. ऑटोमॅटिकमध्ये हा निर्णय ‘ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल’ (टीसीएम) हा छोटा संगणक घेतो. त्याला मुख्यतः दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : चालकाने ॲक्सिलरेटर किती दाबला आहे आणि गाडी किती वेगाने चालली आहे. यातली दुसरी माहिती स्पीड सेन्सर पुरवतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या आधीच्या काळात हे काम यांत्रिक ‘गव्हर्नर’ करत असे. ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलसोबत आलेल्या हायड्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये फिरत्या शाफ्टवरची वजने वेग वाढला की बाहेर फेकली जात, त्यामुळे तेलाचा दाब बदले आणि गिअर पडे. आज त्या वजनांच्या जागी दातेरी चक्र आणि त्यासमोर बसवलेला सेन्सर आहे. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा शाफ्ट फिरला की एकेक दाता सेन्सरसमोरून सरकतो आणि दर दात्यामागे विजेचा एक ठोका तयार होतो. ठोके मोजले की वेग कळतो. अनेक जुन्या जपानी गाड्यांमध्ये हा हिशेब किलोमीटरमागे २५४८ ठोक्यांचा असे. म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाला सेकंदाला साधारण ४२ ठोके. या मोजणीत खंड पडला की सगळे गणित फिसकटते.

सेन्सरचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि पुढच्या तपासणीसाठी त्यांतला फरक कळणे गरजेचे आहे. पहिला चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याचा. त्याला दोन तारा असतात, तो बाहेरून वीज घेत नाही. दाते समोरून गेले की स्वतःच थोडीशी एसी वीज तयार करतो आणि वेग वाढेल तशी ती वाढते. दुसरा ‘हॉल इफेक्ट’ प्रकारचा. त्याला बहुधा तीन तारा असतात : एक पुरवठ्याची (५ किंवा १२ व्होल्ट), एक अर्थिंगची आणि एक सिग्नलची.

सेन्सर गेला तर गिअर का अडकतो?

टीसीएमच्या नजरेतून पाहिले की उत्तर सोपे आहे. इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत आहे, ॲक्सिलरेटर दाबलेला आहे, लिव्हर ‘डी’मध्ये आहे, गिअरबॉक्समध्ये येणारा शाफ्टही फिरतो आहे आणि गाडीचा वेग मात्र शून्य. हे अशक्य आहे. अशा वेळी अंदाजाने गिअर टाकण्यापेक्षा टीसीएम माघार घेतो. चुकून महामार्गावर पहिला गिअर पडला तर काय होईल, याची कल्पना केलेली बरी.

ही माघार म्हणजेच ‘लिम्प मोड’, लंगडत का होईना पण गॅरेजपर्यंत पोहोचण्याची सोय. त्यात गिअर बदलणाऱ्या सॉलिनॉइडची वीज तोडली जाते आणि तेलाच्या नैसर्गिक मार्गाने जो गिअर पडेल तोच राहतो. अनेक चार गतींच्या गिअरबॉक्समध्ये तो तिसरा असतो. रिव्हर्सही चालतो. तिसऱ्यात गाडी जागेवरून उठायला जड जाते, चढावर दम टाकते, सपाटीवर इंजिन नाहक ओरडते. मालकाला वाटते ‘पिकअप गेला’, मेकॅनिकला वाटते ‘क्लचप्लेटा गेल्या’. दोघांचाही समज चुकीच्या दिशेने जातो तो इथेच. गिअरबॉक्स बिघडल्यामुळे नव्हे, तर तो वाचावा म्हणून गाडी अशी वागत असते.

टोयोटाच्या काही जुन्या इलेक्ट्रॉनिक ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये यावर चांगला तोडगा होता. वेगासाठी दोन सेन्सर असत. मुख्य सेन्सर गप्प झाला की स्पीडोमीटरकडचा दुसरा त्याची जागा घेई आणि चालकाला फक्त ‘ओ/डी ऑफ’चा लुकलुकता दिवा दिसे. कोड ४२ म्हणजे पहिला सेन्सर, ६१ म्हणजे दुसरा. आजही एखादी तशी गाडी जुन्या गॅरेजमध्ये आली की तिथले उस्ताद स्कॅनरऐवजी दिव्याची उघडझाप मोजतात.

वेग नेहमी गिअरबॉक्समधूनच मोजला जातो का?

नाही, आणि निदान चुकण्याचे हे मोठे कारण आहे. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले. एबीएस म्हणजे प्रत्येक चाकापाशी स्वतंत्र वेग सेन्सर. त्यामुळे अनेक कंपन्यांनी गिअरबॉक्सवरचा वेगळा स्पीडोमीटर सेन्सर काढून टाकला. एबीएसचे मॉड्यूल चाकांचा वेग मोजते आणि तोच आकडा गाडीच्या अंतर्गत डेटा वाहिनीवरून स्पीडोमीटर, इंजिन आणि टीसीएमपर्यंत जातो. गिअरबॉक्सकडे स्वतःचे इनपुट आणि आउटपुट सेन्सर असतातच. पण काटा त्यांच्यावर चालत असेलच असे नाही.

शिवाय ‘ऑटोमॅटिक’ हा शब्दही आता सैल झाला आहे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून भारतात स्वस्तात मिळू लागलेली एएमटी म्हणजे मूळ मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि लिव्हर यंत्र हलवते. सीव्हीटीत पट्टा आणि दोन पुल्या, त्यांच्या वेगाचे सेन्सर वेगळे. डीसीटीमध्ये दोन क्लच, आणि सेन्सर अनेकदा ‘मेकाट्रॉनिक’ युनिटच्या पोटातच. म्हणजे शेजाऱ्याच्या गाडीत बाहेरून दहा मिनिटांत बदललेला सेन्सर आपल्या गाडीत तेवढ्याच सहज हाती लागेल, याची खात्री नाही. त्या मॉडेलची वायरिंगची आकृती पाहिल्याशिवाय हात घालू नये.

गाडीत बसल्या बसल्या काय ओळखता येते?

बरेच काही. काटा शून्यावर आहे आणि सोबत एबीएसचा दिवाही लागला आहे, तर संशय आधी चाकांच्या सेन्सरवर किंवा एबीएस मॉड्यूलवर. काटा व्यवस्थित चालतो. पण गिअर झटके देऊन पडतात आणि क्रूझ कंट्रोल लागत नाही, तर गिअरबॉक्सचा स्वतःचा सेन्सर तपासावा. काटा मेलेला आहे. पण गिअर लोण्यासारखे पडत आहेत, तर सेन्सर बहुधा ठीक असून दोष डॅशबोर्डच्या मीटरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे.

वेगाच्या माहितीवर गाडीतल्या आणखी कितीतरी गोष्टी चालतात. ठरावीक वेगाला आपोआप लागणारी दारांची लॉक लागेनाशी होतात, स्टिअरिंग एकदम जड किंवा हलके वाटू लागते, मायलेज दाखवणारा आकडा गोठतो. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत आलेला ताशी ८० किलोमीटरनंतरचा ‘बीप’ही ऐकू येत नाही. तो बीप बंद झाला म्हणून खूश होणारे चालक आहेत. मात्र तो अचानक बंद झाला असेल तर ती तक्रार समजावी.

दोष कधी दिसतो हेही लिहून ठेवावे. थंड गाडीत सगळे ठीक आणि अर्ध्या तासाने बिघाड, म्हणजे गरम झाल्यावर सेन्सरच्या आतले वेटोळे किंवा सर्किट तुटत असावे. खड्ड्यात आदळल्यावर काटा उडतो, म्हणजे कपलर ढिला. पावसानंतर किंवा वॉशिंग सेंटरमध्ये बोनेटखाली प्रेशरचे पाणी मारल्यानंतर सुरू झाले, म्हणजे कपलरमध्ये पाणी. मेकॅनिकला ‘गाडी झटके मारते’ एवढेच सांगण्यापेक्षा ही माहिती दिली, तर त्याचा निम्मा वेळ वाचतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी यात एक वेगळी मेख आहे. वेगाचा सिग्नल तोडला की ओडोमीटरही थांबतो. चाचणी फेरीत काटा हलत नसेल आणि विकणारा ‘किरकोळ सेन्सर आहे, बदलून घ्या’ म्हणत असेल, तर गाडी प्रत्यक्षात किती धावली आहे हे सर्व्हिसच्या नोंदींवरून पडताळावे.

स्कॅनरने कोड दाखवला. मग सेन्सर बदलायचा?

इथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. ओबीडी स्कॅनर १६ पिनांच्या सॉकेटला लावला की पी०५०० सारखा कोड येतो. त्याचा अर्थ ‘स्पीड सेन्सर खराब’ असा घेतला जातो. खरा अर्थ एवढाच, की वेगाच्या सिग्नलचे सर्किट अपेक्षेप्रमाणे वागत नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, कपलर आहे, मीटरभर वायर आहे, फ्यूज आहे, अर्थिंग आहे, दातेरी चक्र आहे आणि पलीकडे खुद्द संगणकही आहे. पी०५०१ म्हणजे सिग्नल येतो पण पटण्यासारखा नाही, पी०५०२ म्हणजे सिग्नल कमी, पी०५०३ म्हणजे तो मधूनमधून तुटतो किंवा उड्या मारतो. गिअरबॉक्सच्या बाजूने पी०७१५ हा इनपुट सेन्सरच्या सर्किटचा आणि पी०७२० आउटपुट सेन्सरच्या सर्किटचा कोड. हे दोन सेन्सर शेजारी बसवलेले आणि दिसायला सारखे असू शकतात. कोड एकाचा आणि बदलला दुसराच, असेही घडते.

मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे स्वस्त स्कॅनर अनेकदा फक्त इंजिनचे कोड वाचतात, गिअरबॉक्सचे नाहीत. त्यामुळे ‘कोड नाही’ या निष्कर्षावर लगेच विसंबू नये. त्याचबरोबर कोड पुसण्याची आणि बॅटरीची तार काढून ‘रिसेट मारण्याची’ घाई टाळावी. दोष नोंदवला गेला त्या क्षणी वेग, इंजिनचे फेरे, तापमान किती होते याची नोंद गाडीने ठेवलेली असते. ती त्या रिसेटने जाते आणि दिवा तेवढ्यापुरता विझल्याने गाडी बरी झाल्याचा भास होतो.

स्वस्त स्कॅनरचा खरा उपयोग चालत्या गाडीची आकडेवारी पाहण्यात आहे. सोबतच्या व्यक्तीने स्कॅनरवरचा वेग, डॅशबोर्डवरचा वेग आणि फोनच्या जीपीएसवरचा वेग एकाच वेळी पाहावा. चालकाने नव्हे. स्कॅनर आणि जीपीएस जुळतात पण काटा पडलेला, तर मीटरचा दोष. स्कॅनरवरही शून्य, तर सिग्नलच पोहोचत नाही. स्कॅनरवर ५२, ५३, ०, ५१, १७, ५२ असे आकडे नाचत असतील, तर तार किंवा कपलर. जीपीएसपेक्षा काटा थोडा जास्त दाखवत असेल तर घाबरू नये; संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली ३९ नुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो, थोडा जास्त चालतो. ताशी ६० ला ७० पर्यंत दाखवणेही त्या मर्यादेत बसते.

सेन्सरची तपासणी नेमकी कशी होते?

आधी डोळ्यांनी. फ्यूज पाहावा, कपलर उघडून पिना हिरवट पडल्या आहेत का, आत पाणी किंवा गिअरचे तेल शिरले आहे का, हे बघावे. मग वायरिंग हाताने चाचपावे. पावसाळ्यात आणि थंडीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांच्या बोनेटखाली उंदीर मुक्कामाला येतात आणि पातळ तारा त्यांना विशेष आवडतात. (बोनेटखाली तंबाखूची पाने ठेवण्याचा उपाय अनेक जण करतात, पण त्याने कुरतडलेली तार जुळत नाही.) बाहेरून अखंड दिसणारी तार आतून तुटलेली असू शकते, म्हणून इग्निशन चालू ठेवून वायरिंग हलवत स्कॅनरवर किंवा मल्टिमीटरवर आकडा उडतो का हे पाहतात.

त्यानंतर मल्टिमीटर. तीन तारांच्या हॉल सेन्सरचा कपलर काढून इग्निशन चालू केल्यावर पुरवठ्याच्या पिनवर त्या गाडीसाठी ठरलेले ५ किंवा १२ व्होल्ट मिळायला हवेत. अर्थिंग पक्के हवे. सिग्नलच्या पिनवरही अनेक गाड्यांत संगणकाकडून आलेला व्होल्टेज दिसतो. तो नसेल तर सेन्सर निर्दोष असून दोष तारेत किंवा संगणकात असण्याची शक्यता वाढते. हे सर्व बरोबर असेल तर कपलर जोडून, मागच्या बाजूने मल्टिमीटरची सुई लावून, चाक हाताने सावकाश फिरवायचे. सिग्नल शून्य आणि पूर्ण व्होल्टेज यांच्यामध्ये ठोक्याठोक्याने हलला तर सेन्सर जिवंत आहे. एकाच जागी बसून राहिला आणि दातेरी चक्र शाबूत असेल तर तो मेला आहे. मल्टिमीटरवर कसलीही शंका राहिली तर ऑसिलोस्कोप लावावा. गळालेला एखादा ठोका त्यावर स्पष्ट दिसतो, मल्टिमीटरवर नाही.

दोन तारांच्या चुंबकीय सेन्सरचा विरोध मोजता येतो. तो मॉडेलनुसार काही शे ओमपासून एक-दोन हजार ओमपर्यंत असतो. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. मल्टिमीटर अनंत दाखवत असेल तर वेटोळे तुटले. मात्र विरोध बरोबर आला म्हणजे सेन्सर बरोबर, असे नाही. चाक फिरवताना एसी व्होल्टेज तयार होते का, हे पाहिलेच पाहिजे. हॉल सेन्सरवर ओमची चाचणी निरर्थक आहे. आणि एबीएसचे बरेच नवे सेन्सर दोनच तारांचे असूनही आतून इलेक्ट्रॉनिक असतात, तिथे दोन तारा दिसल्या म्हणून ओम मोजत बसणेही व्यर्थ.

चाक फिरवण्यासाठी गाडी सपाट जागी हवी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड लावलेले हवेत आणि गाडीचा भार नुसत्या जॅकवर नको, स्टँडवर हवा. लिव्हर न्यूट्रलमध्ये, कारण पार्कमध्ये गिअरबॉक्सचा शाफ्टच अडकवलेला असतो. इंजिन सुरू करून, गिअर टाकून उचललेली चाके फिरवण्याचा मोह घरच्या अंगणात अजिबात करू नये.

शेवटी सेन्सर बाहेर काढून त्याचे टोक पाहावे. चुंबकावर काळ्या लुगदीसारखा बारीक थर असतोच, तो झिजेचा आहे आणि पुसून टाकता येतो. हा थर जाड झाला की सिग्नल क्षीण होतो आणि त्रास आधी कमी वेगात जाणवतो. सिग्नलजवळ गाडी थांबता थांबता काटा झपकन शून्यावर येतो आणि झटका बसतो. पण टोकाला चमकते धातूचे तुकडे चिकटलेले असतील, तर मामला वेगळा आहे.

खरोखर गिअरबॉक्सच गेला असेल तर?

ते तुकडे हा पहिला पुरावा. दुसरा म्हणजे तेलाचा जळका वास आणि काळपट रंग. तिसरा घसरण्याचा : ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचे फेरे वर चढतात, गाडी मात्र त्या प्रमाणात पुढे जात नाही. नुसता सेन्सर गेलेली गाडी झटके देते, अडकते. ती सहसा अशी घसरत नाही.

गोंधळ होतो तो पी०७३० या गुणोत्तराच्या कोडने. समजा, एका गिअरचे गुणोत्तर १.५ आहे. आत येणारा शाफ्ट मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर बाहेर जाणाऱ्याने १६०० घ्यायला हवेत. आउटपुट सेन्सरचे ठोके गळाले आणि टीसीएमला १२०० च मोजता आले, तर गुणोत्तर २ येते. टीसीएमच्या लेखी क्लच घसरतो आहे, प्रत्यक्षात मोजणारा चुकतो आहे. स्कॅनरवर चाकांचा वेग आणि आउटपुट शाफ्टचा वेग शेजारी ठेवले की खरे-खोटे लगेच होते. चाकांच्या हिशेबाने शाफ्ट १६०० फेरे घेत असेल आणि सेन्सर १२०० सांगत असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याचे कारण उरत नाही. दोन्हीकडे १२०० असतील, तर घसरण खरी आहे.

तोवर गाडी चालवावी का?

जवळच्या गॅरेजपर्यंत, सावकाश, चालवता येते. लिम्प मोड त्यासाठीच असतो. त्याच अवस्थेत कुटुंबाला घेऊन घाट ओलांडणे किंवा रोज ऑफिसला जाणे धोक्याचे. गिअरबॉक्सचे तेल तापते, आणि काटा बंद असताना वेगमर्यादा पाळणे अंदाजपंचे होते. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर ऑटोमॅटिकची चालणारी चाके जमिनीवर ठेवून दोरीने ओढू नये. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती, म्हणजे आतले भाग कोरडे घासणार. सेन्सरच्या बिघाडातून खराखुरा गिअरबॉक्सचा खर्च असाही उभा राहतो. फ्लॅटबेड ट्रक मागवावा.

सेन्सर बदललाच तर नवी ओ-रिंग घालावी, नाही तर तिथून तेल झिरपते. सेन्सर काढताना सांडलेले तेल भरून घ्यावे आणि पार्ट नंबर जुळवून पाहावा. कारण त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा सेन्सर बसतो, पण ठोके वेगळे देतो. मग कोड पुसून, काही गाड्यांत गिअरबॉक्सला नव्याने ‘शिकवून’, चाचणी फेरी घ्यावी : आधी जिथे झटका बसत असे त्याच चढावर, गाडी तेवढीच गरम झाल्यावर. परतल्यावर स्कॅनर पुन्हा लावावा, बिलावर आधीचा कोड आणि मोजलेले आकडे लिहून मागावेत, आणि काढलेला जुना सेन्सर डिकीत टाकून घरी आणावा.